चोरीचा माग: गावाच्या वेशीपासून पोलीस ठाण्यापर्यंत

इतिहासाच्या व्याख्यानांत आपण लढाया, तह, किल्ले, बंदरं यांच्याबद्दल पुष्कळ ऐकतो. आज मी जरा घरगुती विषय घेतला आहे. आपली वस्तू चोरीला गेली, तर ती शोधायची जबाबदारी कोणाची?

मोबाइल गेला, मोटारसायकल गेली, बाजारात पाकीट गेलं, लग्नघरातून दागिने गेले. आपण पोलीस ठाण्यात जातो. तिथे कधी गुन्हा नोंदवून घेतात, कधी 'गहाळ झाल्याचा दाखला' हातात ठेवतात. आणि मग? महिनाभरानं आपणच चौकशीला गेलो तर उत्तर मिळतं, 'तपास चालू आहे'. हा अनुभव पनवेलचाच आहे असं नाही, तो सगळीकडचा आहे. पण हे असं का झालं, याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातलं एक प्रकरण तर आपल्या पळस्प्याला घडलेलं आहे. तेव्हा सुरुवातीपासून जाऊ या.

१८१८ साली पेशवाई गेली. दुसऱ्याच वर्षी, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाबद्दल एक मोठा अहवाल लिहिला. त्यात गावचा कारभार, न्याय, महसूल आहे, तशीच चोरी पकडण्याची गावपद्धतही आहे. ती अशी. गावाला राखणदार असायचा. कुठे रामोशी, कुठे भिल्ल, कुठे महार. रात्री पहारा द्यायचा, गावात कोण आलं कोण गेलं ते बघायचं, परक्या माणसाची बातमी पाटलाला द्यायची, हे त्याचं काम. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक असली पाहिजे, अशी अपेक्षा होती.

चोरी झाली की त्यानं माग काढायचा. माग म्हणजे अक्षरशः पावलांचे ठसे. ठसे शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेले, की तिथल्या राखणदाराला बोलवायचं आणि माग दाखवायचा. त्याची खात्री पटली की पहिल्या गावाची जबाबदारी संपली. पुढचा शोध दुसऱ्या गावानं घ्यायचा. असं करत करत ज्या गावात माग थांबला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. भरपाई आधी राखणदारानं ऐपतीप्रमाणे द्यायची आणि उरलेली सगळ्या गावावर बसायची. आणि माग गावाबाहेर गेलाच नाही, तर ज्या गावात चोरी झाली त्याच गावानं भरायचं.

यात एक गोष्ट बघा. ज्याची वस्तू गेली त्याला 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं कोणी म्हणू शकत नव्हतं. म्हणजे म्हणता यायचं, पण त्यासाठी पुढच्या हद्दीपर्यंत माग नेऊन तिथल्या माणसाच्या गळी उतरवावा लागायचा. मध्ये लोंबकळत राहायची सोयच नव्हती. शोध लागला नाही तर शोधणाऱ्याच्या पदराला खार लागत होता.

पण म्हणून 'आपली जुनी पद्धत किती छान' असं म्हणून मोकळं होऊ नका. या पद्धतीची दुसरी बाजू फार कडू आहे. पहिला फटका बसायचा तो गावातल्या सगळ्यांत गरीब माणसाला. सगळी रक्कम वसूल करण्याचा आग्रह क्वचितच धरला जाई, पण काही ना काही दंड बसायचाच, हेही एल्फिन्स्टननं नोंदवलं आहे. हयगय झाली किंवा चोराशी संगनमत दिसलं तर इनाम काढून जवळच्या नातेवाइकाला देणं, कैदेत बेड्या, फटके, असं सगळं होतं. आणि ज्याच्यावर राखणीचा भार, त्याच्यावरच पहिला संशय. हा संशय पुढे किती लांब गेला, ते येईलच.

इंग्रजी अंमलात काय झालं? पुरंदर परिसरातल्या रामोशांचे राखणीचे जुने हक्क आणि जमिनी गेल्या. त्यातून उमाजी नाईकांचा उठाव उभा राहिला, आणि १८३२ मध्ये पुण्यात उमाजींना फाशी झाली. माग काढणारी माणसं आता स्वतःच सरकारच्या लेखी फरारी ठरली. त्यांच्या जागी आलं पगारी पोलीस खातं. मुंबई इलाख्यात १८५३ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस सुपरिंटेंडेंट नेमले गेले. १८६७ मध्ये दोन कायदे झाले, एक जिल्हा पोलिसांचा आणि एक गाव पोलिसांचा. पाटील राहिला, त्याचा 'पोलीस पाटील' झाला. पण शोधाची सूत्रं ठाण्याकडे गेली.

आता हे लक्षात घ्या. शोधायचा अधिकार गावाकडून सरकारकडे गेला. सापडलं नाही तर भरून द्यायची जबाबदारी मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. ती मधल्या मध्ये विरली. माझ्या मते आजच्या सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

भरपाईच्या जागी सरकारनं काय दिलं? कागद. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम १३९ मध्ये, तरतूद आली की ठाण्याच्या अंमलदाराकडे आलेली प्रत्येक फिर्याद किंवा खबर लिहून घेतली पाहिजे आणि तिचा सारांश डायरीत नोंदवला पाहिजे. १८८२ च्या संहितेत हे कलम १५४ झालं. तिथून पुढे संहिता बदलल्या, १८९८ ची आली, १९७३ ची आली, पण कलम १५४ चा आकडा २०२४ पर्यंत तोच राहिला. आपण ज्याला 'एफआयआर' म्हणतो, तो हाच कागद. पूर्वी माग मातीत उमटायचा, आता तो डायरीत उमटतो. आणि मातीतला माग जसा पुसता यायचा, तसा हाही पुसता येतो. किंवा मुळात उमटूच दिला जात नाही.

आता पनवेलकडे येऊ. इथे पायांच्या ठशांची पद्धत चालणं तसंही कठीण होतं. पनवेल हे बंदर. मुंबईहून गलबतानं पनवेलला उतरायचं आणि बोरघाट चढून पुण्याला जायचं, हा राबता. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता सुरू झाला आणि वर्दळ वाढली. बैलगाड्यांची चाकं करणारं गाव म्हणून पनवेलची ओळख होती. १८५२ मध्येच इथे नगरपालिका झाली. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यात दिसतं, नंतर ते कुलाब्यात आलं, आणि कुलाब्याचा रायगड झाला. अशा गावात आज चोरलेला हंडा उद्या मुंबईच्या बाजारात. पाण्यावर पावलं उमटत नाहीत. त्यामुळे अनोळखी माणसांच्या गावात ओळखीच्या भरवशावर उभी राहिलेली पद्धत टिकणार नव्हती. इंग्रज आले नसते तरी ती मोडलीच असती, असं म्हणायला जागा आहे.

आता १८७९ चा मे महिना. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके तुम्हाला सांगायला नकोत. त्यांच्या उठावात सामील झालेले रामोशी म्हणजे वर सांगितलेल्या राखणदारांचेच वंशज. फडक्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी १० आणि ११ मेच्या सुमारास पळस्पे आणि चिखली इथे छापे घातले. सुमारे दीड लाख रुपयांची लूट झाली असं सांगतात. आणि मग शोध कसा झाला? लूट घेऊन मंडळी घाटमाथ्याकडे जात असताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गाठलं. दौलतराव गोळी लागून पडले. जुलैमध्ये स्वतः फडके पकडले गेले, तेही थेट कलादगी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात.

उठावाचं मोल हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. मला एवढंच दाखवायचंय की त्याच सरकारला, त्याच वर्षी, तपास करता येत होता. माणसं, घोडे, इनाम, बातमीदार, सगळं होतं. सरकारला आपलं आसन हलतंय असं वाटलं म्हणून ते सगळं कामाला लागलं. त्याच महिन्यात पळस्प्याच्या एखाद्या शेतकऱ्याची भांडी गेली असती, तर मेजर डॅनियल घोडा काढणार नव्हता. कोणती चोरी 'महत्त्वाची' हे ज्याची वस्तू गेली तो ठरवत नाही. हे तेव्हापासून चालत आलेलं आहे.

पुढे १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. सरकारनंच नेमलेला आयोग, पण पोलीस दल अकार्यक्षम आहे, त्याचं प्रशिक्षण अपुरं आहे आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात, असा स्पष्ट शेरा त्यानं मारला. नंतर स्वातंत्र्य आलं. १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. गुन्हे नोंदवून न घेण्याची सवय का लागते, याचं उत्तर त्यानं दिलं. ठाण्याचं काम आकड्यांवर जोखलं जातं. गुन्हे वाढले की ठाणेदार नालायक, गुन्हे कमी की ठाणेदार हुशार. मग नोंद कमी करणं हा सगळ्यांत सोपा उपाय!

इथे आपला तो 'गहाळ' शब्द येतो. 'चोरी' लिहिलं तर गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, तपास अंमलदार नेमावा लागतो, शेवटी कोर्टात अहवाल द्यावा लागतो. 'गहाळ' लिहिलं की यातलं काहीच नाही. सिमकार्ड नवीन मिळतं, आपलं काम भागतं, त्यांचंही भागतं. फक्त चोरी झाली होती, ही गोष्ट इतिहासातून नाहीशी होते. मी इतिहासाचा माणूस आहे, म्हणून सांगतो: पन्नास वर्षांनी कोणी पनवेलचा अभ्यास करायला बसला, तर त्याला हे गाव फार विसराळू लोकांचं वाटेल.

नोंद झाली तरी सगळं मिळवलं असं नाही. महाराष्ट्रात ठाण्याचा अंतिम अहवाल 'समरी' म्हणून जातो. 'अ समरी' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. 'ब समरी' म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. 'क समरी' म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार वगैरे. चोरीच्या कितीतरी प्रकरणांचा शेवट 'अ समरी'त होतो. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भगवंतसिंग खटल्यात ठरवून दिलं की असा अहवाल स्वीकारून प्रकरण बंद करण्याआधी दंडाधिकाऱ्यानं मूळ फिर्यादीला नोटीस दिली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. म्हणजे शेवटचं पान मिटण्याआधी तुम्हाला विचारायला हवं. ही नोटीस घरी आली तर रद्दीत टाकू नका.

आणि समजा, वस्तू सापडली. तिला आता 'मुद्देमाल' म्हणायचं. ती लगेच आपली होत नाही, आधी ती पुरावा असते. १९४७ साली मेरठमध्ये अमृतसरच्या एका सराफाचं सोनं-चांदी पोलिसांनी चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतलं. चांदी परत मिळाली. सोनं मात्र ठाण्यातल्याच एका हवालदारानं लांबवलं आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सराफ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६४ मध्ये निकाल लागला: हे सरकारचं सार्वभौम काम होतं, सबब सरकार भरपाई द्यायला बांधील नाही. म्हणजे १८१९ च्या अहवालातला रामोशी भरपाईला बांधील होता, पण सरकार नाही!

१९७७ मध्ये चित्र थोडं पालटलं. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या एका बाईंच्या घरी चोरी झाली, दागिने सापडले, ठाण्यात ठेवले आणि तिथून गायब झाले. बसव्वा पाटील खटला म्हणून तो ओळखला जातो. या वेळी न्यायालयानं म्हटलं की माल पोलिसांच्या ताब्यातून गेला आणि योग्य काळजी घेतल्याचं सरकारला दाखवता येत नाही, तर मालकाला किंमत मिळालीच पाहिजे. नंतर २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात आणखी पुढचं पाऊल पडलं. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. न्यायालयानं सांगितलं की फोटो काढा, पंचनामा करा, हमीपत्र घ्या आणि माल मालकाला द्या. पंधरा दिवस ते महिनाभर, त्याहून जास्त ठेवू नका.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. दिवेआगरला १९९७ मध्ये बागेत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा गेला. गुन्हा एवढा मोठा की सगळी यंत्रणा धावली. आरोपी सापडले, पण तोवर मुखवटा वितळवला गेला होता. २०१७ मध्ये अलिबागच्या न्यायालयात शिक्षा झाल्या. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा मंदिरात बसला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. साडेनऊ वर्षं! जिथे लाखो लोकांचं लक्ष होतं तिथे ही गत, तर आपल्या दोन पाटल्यांचं काय, हा विचार मनात येतोच.

सोनं वितळलं की ओळख गेली. आपल्या आजीला हे पक्कं ठाऊक होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत आठवते ना? कोणी, कोणाला, कधी दिलं, ते टोच्यानं ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं. त्यात कौतुक होतंच, पण हंडा मोडीत गेला तरी ओळख पटवायची सोय होती. आज मोबाइलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक हे ते भांड्यावरचं नाव आहे. सरकारची सीईआयआर ही व्यवस्था २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात आली आणि मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. त्यावर क्रमांक टाकून फोन बंद करता येतो, आणि कोणी नवं सिम घालून तो वापरायला गेलं तर माग लागतो. पण तिथेही पोलिसांत तक्रार दिल्याची प्रत लागते. म्हणजे पुन्हा कागद.

आता सध्याचा कायदा. १ जुलै २०२४ पासून १५४ जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं खबर नोंदवायची. पनवेलला याचं महत्त्व फार आहे. आपला तालुका रायगड जिल्ह्यात, पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, आणि स्टेशनात पाऊल टाकलं की लोहमार्ग पोलीस. जिन्याच्या खालच्या पायरीवर पाकीट गेलं की वरच्या, यावर माणूस दोन ठाण्यांत हेलपाटे घालायचा. आता पहिल्या ठाण्यानं लिहून घ्यायचं आणि पुढे पाठवायचं. शिवेपर्यंत माग नेऊन देण्याची जुनी रीत कायद्यात परत आली, असं मला वाटतं. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते. आणि कलम १९३ सांगतं की तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवलं पाहिजे.

एक खाचही सांगतो. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे तिची नुसती 'एनसी' होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. भाजीबाजारात पिशवीतून तीन हजारांचा फोन गेला तर हा नियम. पण तोच फोन घरातून, किंवा लोकलमध्ये गेला, तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येतं, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, किंमत काहीही असो. तेव्हा वस्तू कुठून गेली हे तक्रारीत नीट लिहा.

दखलपात्र गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे पाच न्यायमूर्तींनी २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलेलं आहे. ठाण्यात नकार मिळाला तर लेखी अर्ज वरिष्ठांकडे पोस्टानं पाठवायचा. आपल्याकडे ते उपायुक्त. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज.

आता श्रोत्यांचे प्रश्न आले आहेत, त्यातले दोन घेतो.

पहिला प्रश्न: 'पोलिसांना बंदोबस्तातून वेळ कुठे मिळतो? त्यांच्यावर दबाव आणून काय साधणार?' रास्त आहे. एका अंमलदाराकडे किती तपास असतात ते ठाण्यात तासभर बसलं तरी कळतं. म्हणूनच मी दबाव हा शब्द वापरला नाही. विचारणा करा, लेखी करा, पोच घ्या. आणि बिल, आयएमईआय, दागिन्यांचे फोटो, आसपास कॅमेरा कुठे आहे ही माहिती आपण होऊन द्या. कॅमेऱ्यातलं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, म्हणून पहिल्या दोन दिवसांत ते मागायला सांगा.

दुसरा प्रश्न: 'पूर्वी पोलीस चार संशयितांना आणून झोडपायचे, माल निघायचा. आता कायद्यानं हात बांधले.' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. संशयित म्हणजे कोण आणायचे, ते बघा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय कायद्याबरोबर गेली नाही. तक्रारदारानं 'काहीतरी करा' म्हटलं की यंत्रणा जे सर्वांत सोपं तेच करते. मारून काढलेला माल बऱ्याचदा आपला नसतोच, कबुली कोर्टात टिकत नाही, आणि खरा चोर बाहेर राहतो. तेव्हा पाठपुरावा करताना 'कोणाला उचललं?' असं विचारू नका. 'काय तपासलं?' असं विचारा. सीडीआर मागवला का, मोडीच्या दुकानात चौकशी झाली का, पंचनामा कधी झाला. या प्रश्नांनी तपास पुढे सरकतो आणि निरपराध माणसाच्या पाठीवर वळ उठत नाहीत.

जुन्या काळी गावाला भरपाईची भीती होती. आज ती कोणालाच नाही. तिच्या जागी नोंद, नव्वद दिवसांची मुदत, समरीची नोटीस आणि मुद्देमालाचा अर्ज एवढं आपल्या हातात आहे. हे अपुरं आहे, पण वापरलं तर उपयोगी पडतं. तक्रारीची प्रत मिळाली की त्याच दिवशी दिनदर्शिकेवर नव्वदाव्या दिवसाला खूण करून ठेवा.